टोचलं की लगेच सांगा

जिना उतरताना पाय मुरगळला आणि घोटा टम्म सुजला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. सूज ओसरल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. तिथे व्यायामाआधी ‘मशीनचा शेक’, म्हणजे अल्ट्रासाउंड, द्यायचे. बाहेरच्या घोट्याला जेल लावून मशीनचं चपटं डोकं फिरवायचे. ते हाडाच्या उंचवट्यावर आलं की आतून सणकन कळ यायची. सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘‘लागतंय म्हणजे गुण येतोय.’’

गुण तर आला नाहीच, उलट शेकानंतर ती जागा तासन्‌तास ठणकायची. मग दुसऱ्या फिजिओ ताईंकडे गेले, तेव्हा कारण उमगलं. या ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. मशीनचं डोकं सपाट आणि घोटा गोल, त्यामुळे कडेला फट राहते. तिथे हवा असली की लहरी परत फिरतात आणि डोकं तापतं. जिथे नीट टेकतं तिथे कातडीखाली लगेच हाड. हाड या लहरी भराभर शोषतं, त्याच्यावरचं आवरण तापतं आणि कळ येते.

ताईंनी प्लास्टिकच्या टबात उकळून कोमट केलेलं पाणी घेतलं. उकळल्याने पाण्यातली हवा निघून जाते. धातूचं घमेलं चालत नाही, कारण त्यावरून लहरी उलटतात. पाय बुडवून कातडीवरचे बुडबुडे पुसले. डोकं कातडीपासून एक-दोन सेंटिमीटरवर, तिच्याकडे सरळ तोंड करून, सतत फिरतं ठेवलं. उथळ जागा म्हणून लहरींची वारंवारता १ ऐवजी ३ मेगाहर्ट्‌झ ठेवली. कळ आली नाही.

बोटांचे सांधे, मनगट, कोपर, घोटा अशा ठिकाणी शेक घेणार असाल तर आधी विचारा: लहान डोकं आहे का? पाण्यात देता येईल का? डोकं पाण्यात चालणारं आहे ना? जखम असेल तर पाण्याऐवजी जेलची गादी वापरता येते का? डोकं एका जागी थांबलं तर टोका. सौम्य ऊब चालेल, टोचणं किंवा चटका नाही. मधुमेहाने पाय बधिर असतील, पेसमेकर असेल, गरोदरपण, कर्करोग किंवा शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर ते आधीच सांगा. आणि मशीन विकत आणून घरी प्रयोग करू नका.

आणखी एक. मुरगळलेल्या घोट्यावर अल्ट्रासाउंडचा फारसा फायदा दिसत नाही, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ सालच्या आढाव्यात आहे. माझा पाय सावरला तो मुख्यतः एका पायावर तोल साधण्याच्या आणि पोटरीच्या व्यायामांनी. तेव्हा शेकासाठी व्यायाम चुकवू नका. आणि टोचलं की गप्प न बसता त्याच क्षणी ‘‘थांबा’’ म्हणा.