सर्वश्रेष्ठ इंजिन कोणते?

सर्वांत मोठा फलंदाज कोण, हा क्रिकेटच्या शौकिनांचा वाद कधीच मिटत नाही. यंत्रांच्या शौकिनांचाही असाच एक जुना वाद आहे : आजवर तयार झालेल्या इंजिनांत सर्वश्रेष्ठ कोणते? या वादाची गंमत अशी, की प्रत्येकाजवळ उत्तर तयार असते आणि त्या उत्तराला शोभेल अशी स्वतःची फूटपट्टीही असते. कोणी शक्ती मोजतो, कोणी संख्या, कोणी आयुष्य. काही जण तर नुसता आवाज ऐकून निकाल देतात. या पाठात अशा काही इंजिनांची आणि त्यांच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या मतांची ओळख करून घ्यायची आहे. वाचताना तुमची फूटपट्टी कोणती, याचाही विचार करा.

इतिहासाचे अभ्यासक बहुधा वाफेच्या इंजिनाचे नाव घेतात. जेम्स वॉटने किटलीचे झाकण उडताना पाहिले आणि वाफेचे इंजिन शोधून काढले, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. प्रत्यक्षात वॉटचा जन्म १७३६ चा. त्यापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे १७१२ मध्ये, थॉमस न्यूकमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचे इंजिन इंग्लंडमधील डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतून पाणी उपसू लागले होते. ते इतका कोळसा खात असे, की कोळशाच्या खाणीबाहेर ते परवडणे कठीण होते. वॉटने वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे जोडले, १७६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि इंधनाची मोठी बचत केली. श्रेय मात्र पुढे त्याच्याच नावावर जमा झाले.

शक्तीला मान देणारे शौकीन रोल्स-रॉइस कंपनीच्या 'मर्लिन'चे नाव घेतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हे इंजिन १९३३ मध्ये प्रथम चालवून पाहण्यात आले. इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात मांडलेले बारा सिलिंडर आणि त्यांचे एकूण आकारमान २७ लिटर! दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ते सुमारे १,००० अश्वशक्ती देत होते. अखेरीस त्याच आकाराच्या इंजिनातून २,००० अश्वशक्तीच्या आसपास मजल गेली. स्पिटफायर, हरिकेन, मॉस्किटो, लँकेस्टर आणि अमेरिकन मस्टँग या विमानांना त्याने उडवले.

पण या नामवंत इंजिनात एक उणीव होती आणि ती वैमानिकाच्या जिवावर बेतणारी होती. विमानाचे नाक एकदम खाली दाबले, की कार्ब्युरेटरमधील पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर अडखळे. पाठोपाठ जास्तीचे पेट्रोल येऊन ते बंद पडण्याचाही धोका असे. जर्मन मेसरश्मिट विमानाच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई. त्यामुळे जर्मन वैमानिक बेधडक खाली सूर मारून निसटून जात. यावरचा पहिला उपाय बीट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने १९४१ मध्ये शोधला. पेट्रोलच्या वाटेत बसवायची, मधोमध छिद्र असलेली धातूची एक छोटी चकती, एवढाच तो उपाय होता. चकतीतून इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल पुढे जाई. विमान कारखान्यात परत नेण्याची गरज नव्हती. शिलिंग आपल्या सहकाऱ्यांसह विमानतळांवर जाऊन त्या चकत्या बसवत फिरल्या. ही बाई मोटारसायकलच्या शर्यतींतही नाव कमावलेली होती, हे येथे सांगायलाच हवे.

मर्लिनविषयीची आणखी एक हकिकत अभियंता स्टॅनली हूकर यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. युद्धाची गरज म्हणून फोर्ड कंपनीच्या इंग्लंडमधील शाखेकडे हे इंजिन बनवण्याचे काम सोपवायचे ठरले. या आराखड्यांवरून काम जमणार नाही, असे फोर्डचे अभियंते म्हणाले. इतके अचूक काम मोटारी बनवणाऱ्यांना झेपणार नाही, असा हूकर यांचा समज झाला. अडचण नेमकी उलट होती. रोल्स-रॉइसचे कुशल कारागीर प्रत्येक भाग हाताने घासून बसता करत, म्हणून आराखड्यात मापाची बरीच सूट ठेवलेली होती. फोर्डला मात्र कोणत्याही इंजिनाचा भाग कोणत्याही इंजिनात सहज बसायला हवा होता. त्यांनी आराखडे नव्याने काढले. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनेही हे इंजिन बनवले. एकूण संख्या दीड लाखाच्या घरात गेली.

पाठगत प्रश्न
१. मर्लिन इंजिन कोणत्या परिस्थितीत अडखळत असे? त्यामागचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
२. फोर्डच्या अभियंत्यांना आराखडे का बदलावे लागले?

दीड लाख हा आकडा मोठा वाटतो. पण संख्येची फूटपट्टी लावली, तर मर्लिन पार मागे पडते. फोर्डची 'मॉडेल टी' मोटार १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झाली. तिचे इंजिन जेमतेम वीस अश्वशक्तीचे होते. तरीही अमेरिकेतील शेतकरी मोटारीचे मागचे चाक उचलून त्याला पट्टा लावत आणि तिच्यावर करवत किंवा मळणीयंत्र चालवत. शेव्हरोले कंपनीच्या १९५५ साली आलेल्या व्ही-आकाराच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाने २०११ पर्यंत दहा कोटींचा टप्पा गाठला. जपानमध्ये १९५८ साली आलेली होंडाची 'सुपर कब' ही छोटी दुचाकीही २०१७ मध्ये दहा कोटींवर पोहोचली. तिचे पहिले इंजिन अवघे ४९ सीसीचे होते! भारतात १९८५ मध्ये हिरो होंडाची 'सीडी १००' आली, तिचे आडव्या सिलिंडरचे इंजिन याच कुळातले. दूधवाले, पोस्टमन, विमा प्रतिनिधी अशा कितीतरी लोकांची रोजची भाकरी या घराण्याच्या इंजिनांवर चालली. पण सर्वश्रेष्ठ इंजिनांच्या गप्पांत त्यांचे नाव क्वचितच निघते. जे बिघडत नाही, त्याची आठवणही होत नाही.

उलट 'बुलेट'चे भक्त पाहावेत. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या या मोटारसायकलचे बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन २०१० च्या सुमारास बंद झाले. नवे इंजिन तेल कमी गाळते आणि सहज सुरू होते, हे भक्तांनाही मान्य आहे. तक्रार एवढीच, की तो जुना आवाज गेला. याला युक्तिवाद म्हणता येणार नाही, हे खरे.

आता उरते ते एक संथ, अवजड आणि दिसायला मुळीच देखणे नसलेले इंजिन. इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास ते बाजारात आणले. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना दोन जड फ्लायव्हील, पाच अश्वशक्ती आणि मिनिटाला अवघे ६०० फेरे. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. सुरू करताना झडप उचलून धरायची, हँडल मारून चाकांना गती द्यायची आणि मग झडप सोडायची. बॅटरी लागत नाही, ठिणगीही लागत नाही. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटते. सावकाश फिरत असल्याने भाग कमी झिजतात, आणि झिजले तरी गावातला कारागीर ते काढू-बसवू शकतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय शेतकऱ्याला नेमके असेच यंत्र हवे होते. महाराष्ट्रात विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने काढले जाई. पाऊस लांबला, की बैल थकत आणि डोळ्यांदेखत पीक वाळून जाई. शंतनुराव किर्लोस्कर यांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू केली आणि 'ऑइल इंजिन' हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या बोलीत रुळला. तिकडे गुजरातेत राजकोटच्या कारखानदारांनी लिस्टरच्या धर्तीची इंजिने ओतायला सुरुवात केली. पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, उसाचा चरक, लग्नमांडवातील दिवे अशी पडतील ती कामे या इंजिनांनी केली.

अर्थात, त्यांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. काळा धूर आणि कानठळ्या बसवणारा आवाज हा त्यांच्या शेजाऱ्यांच्या वाट्याला आलेला भाग. शिवाय मोटेला विहिरीचा तळ गाठणे अवघड होते, इंजिनाला ते सोपे झाले. भूजलाचा बेसुमार उपसा पुढे विजेच्या पंपांनी वाढवला. पण त्याची सुरुवात याच ठोक्यांनी झाली.

लिस्टर कंपनीने आपले हे इंजिन १९८७ मध्ये बंद केले. राजकोटची भट्टी मात्र त्यानंतरही पेटती राहिली. डर्स्लीची जुनी इंजिने जपून, घासूनपुसून प्रदर्शनांत चालवणारे शौकीन इंग्लंडमध्ये आहेत, आणि त्यांच्या इंजिनांना लागणारे सुटे भाग पुष्कळदा भारतात बनलेले असतात.