होडीची गळती

मुलांनो, शिडाच्या लहान होडीच्या तळाला मुद्दाम एक लांबट फट ठेवलेली असते, असे सांगितले तर तुम्हांस खरे वाटेल काय? पण ते खरे आहे. वारा बाजूने आला की हलकी होडी पाण्यावर आडवी सरकू लागते. ते सरकणे रोखण्यासाठी या फटीतून एक फळी पाण्यात सोडतात. पाणी उथळ लागले की ती वर ओढून घेता येते. अमेरिकेतील केप मे येथील स्वेन कुटुंबातील तिघांनी १८११ साली अशा फळीचे एकस्व मिळविले. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली आखलेल्या, निळ्या शिडांच्या ‘एंटरप्राइज’ होडीतही अशीच फळी असते.

या फटीभोवती एक उभी, अरुंद पेटी बसवितात. पेटीत पाणी बाहेरच्या पातळीइतकेच चढते. तिच्या कडा त्याहून उंच असल्यामुळे होडी कोरडी राहते. परंतु वाऱ्याचा जोर आला की फळी तरफेप्रमाणे पेटीला हिसके देते. वर्षानुवर्षे असे होऊन पेटी व तळ यांमधील सांधा ढिला होतो आणि पाणी झिरपू लागते. पाण्याने जड झालेली होडी भर वाऱ्यात सहज कलंडते.

अशा वेळी उतावळा मनुष्य वरूनच लुकण थापतो. सांधा पुन्हा हलतो, लुकण तडकते आणि गळती कायम राहते. जाणता कारागीर आधी गळतीचे मूळ शोधतो. होडी किनाऱ्यावर घेऊन तो खालून फट घट्ट बंद करतो, पेटीत पाणी भरतो आणि थेंब कोठून येतो ते न्याहाळून तेथे खडूने खूण करतो. फळी ज्या खिळीवर फिरते तिच्या छिद्रातून पाणी येत असेल, तर रबरी चकती बदलून काम भागते. सांधाच गळत असेल, तर मात्र धीर हवा. लाकूड पुरते वाळू द्यावे लागते. ओल्या लाकडाला लुकण नीट धरत नाही. मग तो जुने स्क्रू काढतो, सांधा खरवडून स्वच्छ करतो, लवचीक राहणारे लुकण भरतो आणि ब्राँझचे नवे स्क्रू आवळतो. शेवटी पेटीत पुन्हा पाणी भरून पाहतो. एकही थेंब दिसला नाही, तरच होडी पाण्यात जाते.

दोष झाकल्याने जात नाही. तो शोधून मुळापासून दूर करावा लागतो.

स्वाध्याय
१. होडीच्या तळाला फट का ठेवतात?
२. पेटीचा सांधा कशामुळे ढिला होतो?
३. उतावळा मनुष्य व जाणता कारागीर यांच्या कामातील फरक सांगा.