बळी तो कान पिळी

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपण सहज उच्चारितों; परंतु राज्यकारभारच तिच्यावर चालूं लागला म्हणजे काय घडतें, हें आम्हीं एका जर्मन पुढाऱ्याच्या चरित्रावरून दाखविण्याचें योजिलें आहे.

अर्न्स्ट ऱ्योम याचा जन्म म्यूनिक शहरीं १८८७ सालीं झाला. पहिल्या महायुद्धांत तो बव्हेरियाच्या सैन्यांत कप्तान होता. जर्मनीचा पराभव झाला व व्हर्सायच्या तहान्वयें तिचें सैन्य एक लाखावर आलें. बेकार सैनिकांचा संताप हेंच ऱ्योमचें भांडवल झालें. १९२३ सालीं हिटलरनें म्यूनिक येथें केलेल्या बंडांत तो अग्रभागीं होता. बंड फसलें. पुढें मतभेद होऊन तो बोलिव्हियाच्या सैन्यांत नोकरीस गेला. परंतु हिटलरनें त्यास परत बोलाविलें आणि १९३१ सालीं नाझी पक्षाच्या तपकिरी गणवेशधारी दलाचें आधिपत्य त्याच्या हातीं दिलें. विरोधकांच्या सभा उधळणें व त्यांस मारहाण करणें हें या दलाचें काम. १९३३ सालीं हिटलर चॅन्सेलर होतांच या दलानें हजारों नागरिकांस चौकशीवांचून कोंडून ठेविलें.

१९३४ पर्यंत दलाची संख्या सुमारें तीस लाख झाली. देशाचें सैन्य आपल्या दलांत विलीन व्हावें, असा आग्रह ऱ्योमनें धरिला. सेनापति बिथरले, आणि हिटलरला तर सैन्याचा पाठिंबा हवा होता. ऱ्योम बंड करणार, अशी हूल उठविण्यांत आली. ता. ३० जून १९३४ रोजीं हिटलरनें स्वतः जाऊन त्यास कैद केलें. हिटलरशीं अरे-तुरे करणाऱ्या मोजक्या लोकांपैकीं हा एक! दुसऱ्या दिवशीं तुरुंगाच्या कोठडींत आत्महत्येसाठीं त्याच्यापुढें पिस्तूल ठेविलें गेलें. तें तो उचलीना, तेव्हां त्यास गोळ्या घालण्यांत आल्या. न्यायाधीश नाहीं, साक्षीपुरावा नाहीं. त्या दिवसांत निदान ८५ माणसें मारलीं गेलीं. त्यांत माजी चॅन्सेलर श्लायखर व त्यांची पत्नीहि होतीं. ता. ३ जुलै रोजीं हे सर्व वध कायदेशीर ठरविणारा कायदा झाला.

‘गुंडच मेले, बरें झालें,’ असें म्हणून त्या वेळीं पुष्कळ जर्मन लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकिला. आमच्या मतें खरी चूक येथेंच झाली. ऱ्योम अपराधी होता. म्हणूनच त्याचा न्याय न्यायासनापुढें व्हावयास हवा होता. दुर्जनास नाकारलेला न्याय सज्जनासहि मिळेनासा होतो, याचा अनुभव त्या देशास पुढील अकरा वर्षें आला. एखाद्या नावडत्या मनुष्यास चौकशीवांचून शिक्षा झालेली पाहून आपणांस आनंद वाटूं लागला, तर आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्राचें अवश्य स्मरण करावें.