२७,००० वर्षांचा हिशेब

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर म्हणालीस, "मामा, गिऱ्हाइकांना काही कळत नाही, उगाच तक्रारी करतात." मला ते खटकलं. तू चिपच्याच धंद्यात, म्हणून तुझ्या जन्माआधीची इंटेलची गोष्ट लिहितो.

१९९४ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या संगणकातल्या इंटेलच्या पेंटियम चिपवर काही भागाकार चुकायचे. बाकीच्या सगळ्या शक्यता तपासून मगच त्यांनी ऑक्टोबरात इंटेलला कळवलं. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता असतो, त्यातल्या काही नोंदी गाळल्या गेल्या होत्या. आणि इंटेलच्या माणसांना हे उन्हाळ्यातच सापडलं होतं!

चूक कोणाच्याही हातून होते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढचं वागणं बघ. कंपनीने हिशेब मांडला, की साधारण वापरणाऱ्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. तेव्हा चिप बदलून हवी असेल, तर तुम्हाला खरंच गरज आहे हे आधी पटवून द्या. म्हणजे पैसे मोजणाऱ्याने पुरावा द्यायचा आणि निवाडा विकणाऱ्याने करायचा! 'इंटेल इनसाइड'च्या जाहिराती मात्र याच साध्या माणसासाठी केल्या होत्या.

पेंटियमचे संगणक विकणाऱ्या आयबीएमचा हिशेब निघाला २४ दिवसांतून एकदा. कोण किती वापरतो, याच्या अंदाजावर सगळा खेळ. १२ डिसेंबरला तिने ते संगणक पाठवणं थांबवलं. (तीही काही संत नव्हे, पेंटियमशी टक्कर देणारी चिप बनवण्यात तिचा हात होता.) आठ दिवसांत इंटेल नमली, मागेल त्याला चिप बदलून देऊ म्हणाली. ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला.

इंटेलचा प्रमुख होता अँडी ग्रोव्ह, बुद्धीने एक नंबर. मला वाटतं, हुशारीच नडली. आपलं गणित बरोबर आहे म्हटल्यावर समोरचा का चिडलाय, हे विचारावंसंच कोणाला वाटलं नाही.

तेव्हा तक्रार आली की 'असं किती जणांना होतं?' हे मागाहून विचार. ज्याला झालं तो काय करत होता, ते आधी त्याच्याच शब्दांत वाच. सपोर्टवाल्यांचा गोषवारा नको, मूळ मेल माग. वरिष्ठ हसतील, हसू देत. नव्या माणसाला असं विचारायची मुभा असते. ती फार दिवस टिकत नाही, म्हणून आत्ताच वापर.

तुझा,
मामा