डिझाइनच्या विद्यार्थ्याचा कॉम्प्युटर: प्रोसेसरवर किती खर्च करावा?

डिझाइन, अप्लाइड आर्ट, आर्किटेक्चर किंवा ॲनिमेशनला प्रवेश मिळाला की फीच्या पाठोपाठ घरात कॉम्प्युटरचा विषय निघतो. मुलांना त्यावर गेमही खेळायचे असतात. पालकांना वाटतं, स्वस्तातला घेतला तर अभ्यास अडेल आणि महागातला घेतला तर पैसे वाया जातील. दुकानात बहुतेकदा ‘आय७ घ्या, चिंता मिटेल’ असा सल्ला मिळतो. मला तो चुकीचा वाटतो. बजेट मर्यादित असेल, तर प्रोसेसरवर हात आखडता घेतल्याने सर्वांत कमी नुकसान होतं. अट एकच, पुढे तो बदलण्याची सोय आजच करून ठेवायची.

हे पटायला डिझाइनचे प्रोग्रॅम प्रोसेसरकडून काय काम करून घेतात ते पाहावं लागतं. ऑटोकॅड, इलस्ट्रेटर आणि बऱ्याच अंशी फोटोशॉप यांचं बरंचसं काम एका वेळी एकाच कोअरवर चालतं. बाकीचे कोअर तेव्हा जवळपास रिकामे असतात. इंटेलच्या १२व्या पिढीतला सहा कोअरचा आय५-१२४०० एका कोअरवर जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झ गाठतो, तर त्याच पिढीतला सोळा कोअरचा आय९-१२९००के ५.२. कोअर अडीच पटींहून जास्त, पण वेगातला फरक सुमारे १८ टक्के. पोस्टर, लोगो किंवा घराचा प्लॅन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताला एवढा फरक क्वचितच जाणवेल. त्याची फाइल अडकते ती बहुधा रॅम कमी पडल्यामुळे. फोटोशॉपसाठी अडोबी स्वतः १६ जीबीची शिफारस करते. सोबत ब्राउझर आणि इलस्ट्रेटर उघडे असतील, तर ८ जीबीत काम करणं म्हणजे रोजची शिक्षा आहे.

थ्रीडीचं काय, हा आक्षेप रास्त आहे. ब्लेंडरमध्ये रेंडर करताना प्रोसेसरचे सगळे कोअर राबतात. पण तेच रेंडर ग्राफिक्स कार्डवरही करता येतं, आणि बजेटच्या मर्यादेत साधारण कार्डही बहुतेकदा प्रोसेसरला बरंच मागे टाकतं. म्हणजे मोठ्या प्रोसेसरसाठी काढलेले जादा पैसे कार्डाकडे वळवले, तर रेंडर लवकर होतं आणि गेमही चांगले चालतात. खरा अपवाद गेम बनवायला शिकणाऱ्यांचा. अनरिअल इंजिनमध्ये शेडर आणि कोड कंपाइल होताना प्रत्येक कोअर उपयोगी पडतो. तिथे आठ कोअरसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत.

बाकीच्यांना सहा कोअर पुरतात. कार्डासाठी आज पैसेच नसतील, तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी विचारात घ्यावा. २०२१ मध्ये आलेल्या या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची बऱ्यापैकी ताकद अंगभूत आहे, व्हॅलरंटसारखा हलका गेम त्यावर सहज चालतो. हे ग्राफिक्स रॅममधूनच स्मृती उसनी घेतं, त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावाव्यात. गेममध्ये फरक स्पष्ट दिसतो. पण कार्ड सुरुवातीलाच घेणार असाल, तर साधा रायझन ५ ५६०० जास्त योग्य. त्याची कॅशे दुप्पट, ३२ एमबी आहे, मात्र त्यात ग्राफिक्स नाही; कार्ड लागेपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही. इंटेलच्या नावामागचं ‘एफ’ हे अक्षरही हेच सांगतं. व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्याने १२४००एफ टाळून १२४०० घ्यावा, कारण प्रीमिअर प्रोमध्ये व्हिडिओ सुरळीत चालवायला मदत करणारी क्विक सिंकची सोय त्या अंगभूत ग्राफिक्समध्येच असते.

‘एकदाच मोठा घ्या, चार वर्षं बघायला नको’ हे वाक्य पालकांना धीर देतं. डेस्कटॉपच्या बाबतीत इतिहास मात्र वेगळं सांगतो. एएमडीचं एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, २०१६चं. त्यावरच्या सुरुवातीच्या मदरबोर्डांपैकी अनेकांना नुसत्या बायोस अपडेटने २०२२चे प्रोसेसर चालू लागले. ज्यांनी आधी लहान प्रोसेसर घेतला, त्यांना नंतर त्याच बोर्डवर कितीतरी वेगवान प्रोसेसर बसवता आला. आज एएम४ आणि इंटेलचं एलजीए१७०० ही दोन्ही सॉकेट उताराला लागली आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे थोडी ओढाताण करून परवडत असेल, तर एएम५ सॉकेटवरचा सहा कोअरचा रायझन ५ ७६०० घेणं दूरदृष्टीचं ठरेल. त्या सॉकेटला २०२७ आणि त्यानंतरही साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. त्याला डीडीआर५ रॅम लागते, आणि बजेट मोडतं ते तिथेच. तसं होत असेल, तर एएम४ घेण्यात काहीही कमीपणा नाही.

वसतिगृहात राहणाऱ्याला लॅपटॉपच लागतो, आणि तिथे माझा सल्ला बदलतो. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डाला कायमचा जोडलेला असतो, म्हणून निवड पहिल्याच वेळी नीट व्हायला हवी. ‘रायझन ५’ किंवा ‘आय५’ एवढंच वाचून पैसे देऊ नयेत. रायझन ५ ७५२०यू नावावरून नवा वाटतो, पण त्यात चारच कोअर आहेत आणि त्याची रचना २०१९मध्ये आलेल्या झेन २ची आहे. नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर भर बॅटरी वाचवण्यावर असतो. डिझाइन आणि गेमसाठी ‘एच’ किंवा ‘एचएस’ शोधावा. रॅम वाढवायला मोकळी जागा आहे का, हेही विचारून घ्यावं, कारण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तीही चिकटवलेलीच येते.

‘गेमसाठी एवढा खर्च कशाला?’ हा पालकांचा प्रश्न आता थोडा सैल होतो. रॅम, कार्ड आणि सहा कोअर अभ्यासासाठी घ्यायचेच आहेत. गेम त्याच यंत्रावर चालतात. वेगळा खर्च वाढतो तो फक्त गेमसाठी त्याहून मोठं कार्ड मागितलं तर, आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार पालकांनी जरूर वापरावा. गेम खेळण्याची आवड म्हणजे गेम डिझाइनची तयारी, असंही मुलांनी धरून चालू नये.

खरेदीची घाईही नको. आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेत हाताने चित्र काढावं लागतं, आणि एनआयडीच्या बी.डेसचं पहिलं वर्ष पायाभूत शिक्षणाचं असतं. अशा अभ्यासक्रमांत सुरुवातीला भर कागद, पेन्सिल आणि हाताच्या कामावर असतो. कॉलेजात लॅब असेल, तर एक सत्र थांबून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्रोग्रॅमची यादी घ्यावी, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावातल्या दुकानात जावं. प्रोसेसर कंपनीच्या खोक्यातलाच मागावा आणि जीएसटीचं बिल घ्यावं. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते. बिघडला तर फक्त दुकानदाराच्या शब्दाचाच आधार उरतो.