पीडित स्त्री, श्रद्धा आणि कर्मविचार

जीव आपल्या कर्मानुसार सुखदुःख भोगतो, हा सिद्धान्त उपदेशी मंडळींस ज्ञात आहे. परंतु घरी मारहाण सोसणारी स्त्री आश्रमात येऊन अश्रू ढाळते, तेव्हा याच सिद्धान्ताच्या आधारे “बाई, हे तुझे भोग, सोसावे” असे तिला सांगितले जाते. हा उपदेश शास्त्रास धरून आहे काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

शंका : दुःख जर पूर्वकर्माचे फळ असेल, तर ते निमूटपणे भोगणे हाच तिचा धर्म नव्हे काय?

समाधान : नव्हे. कर्मफळ देणे हे देवतांचे कार्य होय. तो अधिकार कोणा पतीस वा सासऱ्यास दिलेला नाही. जो हात उगारतो, तो हिंसारूप नवे कर्म स्वतःसाठी जोडतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेली अहिंसा मारणाऱ्यास आवरण्यासाठी आहे, मार खाणारीस मुकी करण्यासाठी नव्हे. ज्वर आला असता ‘कर्मफळ’ म्हणून कोणी औषध नाकारीत नाही. मग याच दुःखाला उपाय का नसावा?

स्वामींनी स्त्रियांना धर्माचा अधिकार दिला आणि विटाळाची कल्पना नाकारली. महदाइसा त्यांना वारंवार प्रश्न विचारीत आणि स्वामी त्यांचे समाधान करीत, हे लीळाचरित्रात जागोजागी दिसते. जिथे स्त्रीचा प्रश्न ऐकला गेला, त्या परंपरेत तिचे दुःख न ऐकणे शोभत नाही.

हिंसेचा घाव देहापुरता राहत नाही. झोप उडणे, सतत भय वाटणे, ‘दोष माझाच’ असे वाटणे, जीव नकोसा होणे ही मनाच्या दुखण्याची चिन्हे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार, जोडीदाराकडून हिंसा सोसलेल्या स्त्रियांत नैराश्याचा संभव जवळजवळ दुप्पट आढळतो. पुष्कळदा घरची माणसे या चिन्हांस ‘बाहेरची बाधा’ समजतात.

या संदर्भात एक अभ्यास मननीय आहे. व्हिएडा स्कुल्टान्स या विदुषीने मनोरुग्ण जेथे आणले जातात अशा महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७ साली लेख प्रसिद्ध केला. रुग्णासमवेत आलेल्या आई वा पत्नी घरच्यांची पीडा आपल्या अंगावर घेऊ पाहत, असे तिला दिसले. ही माया थोर खरी. परंतु घराचे सारे दुःख स्त्रीनेच वाहावे, हा समज तिच्याही मनात किती खोल रुजला आहे, हेही त्यातून कळते. देवाच्या दारी आलेल्या स्त्रीच्या खांद्यावरचा भार उतरावा, वाढू नये.

नामस्मरणाने चित्त स्थिर होते, सत्संगाने एकटेपण सरते. हे श्रद्धेचे बळ खरेच आहे. मात्र ते उपचाराच्या व संरक्षणाच्या जागी नसून त्यांच्या जोडीला आहे. मुंबईत २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व ‘सेहत’ संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र उभारले. रुग्णालयात आलेल्या पीडित स्त्रीस तेथेच समुपदेशन मिळावे, हा त्याचा हेतू. पुढे हे काम उपनगरांतील इतर महापालिका रुग्णालयांत पोचले. कांदिवलीचे ‘शताब्दी’ रुग्णालय त्यांपैकीच एक. तेव्हा कांदिवलीतील एखादी उपदेशी बाई आपले दुःख सांगू लागली, तर तिला तेथवर सोबत करणे हीच खरी सेवा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही तिच्या बाजूस आहे. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ या क्रमांकावर साहाय्य मिळते.

म्हणून महंतांनी, तपस्विनींनी व उपदेशी मंडळींनी चार गोष्टी पाळाव्या. तिचे बोलणे एकांतात ऐकावे. ते तिच्या संमतीवाचून घरच्यांस कळवू नये. ‘सोस’ असे म्हणू नये. आणि नामस्मरण सांगताना वैद्याचा व कायद्याचा मार्गही दाखवावा. कर्मविचार आपल्या आचरणाच्या शुद्धीसाठी आहे. दुसऱ्याच्या जखमेवर ठेवण्यासाठी नव्हे.