किनोवा फोकून पेरावा की ओळीत?

प्रश्न : माण तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे. रब्बीत अर्धा एकर किनोवा करायचा आहे. बी बारीक असल्याने फोकून जरा जास्त टाकलं, तर उत्पन्न वाढेल का?
– एक शेतकरी भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, बी वाढवून उत्पन्न वाढत नाही. किनोव्याचे हजार दाणे जेमतेम 2 ते 3 ग्रॅम भरतात. फोकलेले काही बी वरच वाळते, काही खोल गाडले जाते. दाटीत रोपे ओलाव्यासाठी भांडतात आणि कणसे बारीक राहतात. शिवाय किनोवा चाकवताच्या कुळातला. लहानपणी दोन्ही सारखे दिसतात. म्हणून ओळी असतील तरच तण ओळखून खुरपणी नीट होते.

वाफशावर, 30 ते 45 सेंमी अंतराच्या ओळींत, 1 ते 2 सेंमी खोल पेरा. बियाण्यात बारीक वाळू मिसळली की ते सारखे पडते. नंतर विरळणी करून दोन रोपांत 10 ते 15 सेंमी ठेवा. विरळलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते.

बोलिव्हियाच्या कोरड्या पठारावर शेतकरी ओल लागेपर्यंत खड्डे घेऊन त्यांत किनोव्याचे बी टाकतात. मर्म तेच : बी ओलीला टेकले पाहिजे, पण वर मातीचा थर पातळ हवा.

पाणी साचू देऊ नका. पेरणी लांबवू नका, कारण फुलोऱ्यात कडक ऊन लागले तर दाणे कमी भरतात. आणि हो, दाण्यावरचा कडूपणा काढावा लागतो. म्हणून तसा दाणा घेणारा खरेदीदार आधी ठरवा, मगच पेरा. अर्ध्या एकरापासूनची तुमची सुरुवात योग्यच आहे.